मुलगा अग्निवीर होऊन बेळगावला निघालाय, त्याला अडवू का?

प्रश्न : आम्ही खटाव तालुक्यातले. मुलगा अठरा वर्षांचा आहे, बारावी झाली. अग्निवीर जनरल ड्यूटीत त्याची निवड झाली आहे आणि पुढच्या महिन्यात बेळगावच्या मराठा सेंटरला हजर व्हायचंय. गावात फ्लेक्स लागला, सत्कार झाला, त्याचे वडील तर हवेत आहेत. मला मात्र रात्र रात्र झोप नाही. एकुलता एक पोरगा. तिकडे मारतात का? जेवण कसं असतं? चार वर्षांनी परत पाठवतात म्हणे, मग पुढे काय? टीव्हीवर सीमेची बातमी लागली की पोटात गोळा येतो. कुणाजवळ बोलले तर म्हणतात, वीरमाता व्हायची तयारी ठेव. मी त्याला अडवू का?

उत्तर :

ताई, 'वीरमाता व्हायची तयारी ठेव' असं तुम्हाला जे कुणी म्हणालं, त्यांनी ते म्हणायला नको होतं. पोराला नोकरी लागलीय, आणि आईच्या कानावर पहिला शब्द त्याच्या मरणाचा घालायचा, ही कसली रीत? तुमची भीती खरी आहे आणि तुम्ही ती बोलून दाखवलीत हे फार बरं केलंत. माझी नोकरी मराठा लाइट इन्फन्ट्रीत झाली. त्यातली काही वर्षं बेळगावच्या सेंटरमध्ये ट्रेनिंग कंपनीत, म्हणजे प्रशिक्षणाच्या तुकडीत, रंगरूट (नवे भरती झालेले जवान) घडवण्यात गेली. त्यामुळे आई-बापांना काय वाटतं ते मी गेटवर पाहिलंय आणि पोरांना काय वाटतं ते बराकीत पाहिलंय. तुमच्या प्रश्नांची उत्तरं जशी आहेत तशी देतो, गोड करून नाही.

जिवाच्या भीतीपासूनच सुरुवात करतो, कारण ती मनात असेपर्यंत बाकीचं काही कानात शिरत नाही.

जनरल ड्यूटीचा जवान, त्यात इन्फन्ट्रीचा, म्हणजे तो पुढच्या फळीचा माणूस. ट्रेनिंग संपलं की तो पलटणीत जातो. पलटण दोन-तीन वर्षं फील्डला, म्हणजे सीमेजवळच्या भागात असते, मग तेवढीच पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या छावणीत. त्यामुळे चार वर्षांत त्याच्या वाट्याला काश्मीर, लडाख किंवा ईशान्येकडची सीमा येण्याचीच शक्यता जास्त. 'काही होत नाही हो' असं मी म्हणणार नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर सियाचिनला कर्तव्यावर असताना गेला. मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, मुंबईत वाढलेला एक अग्निवीर सीमेवर पडला. ही दोन्ही तुमच्या-माझ्यासारख्यांच्या घरची मुलं.

पण धोका म्हणजे फक्त गोळी नाही, आणि घरच्यांना नेमकं हेच माहीत नसतं. सियाचिनमध्ये १९८४ पासून शत्रूच्या गोळीपेक्षा थंडीने, विरळ हवेने आणि हिमकड्यांनी जास्त जवान नेले. तिथे नोव्हेंबर २००३ पासून गोळीबार बंद आहे, तरी माणसं गेली. म्हणूनच उंचावर चढवण्याआधी फौज टप्प्याटप्प्याने शरीराला सवय लावते. नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस, त्याच्या वर पंधरा हजारांपर्यंत चार दिवस, त्याहून वर आणखी चार दिवस, आणि मगच पुढे. हे दिवस आरामासाठी नसतात. छातीत घरघर, कोरडा खोकला, बसल्या जागी धाप, न थांबणारी डोकेदुखी यातलं काहीही झालं तर त्याच क्षणी सांगायचं असतं. तिथे जीव जातो तो बऱ्याचदा 'सकाळपर्यंत बरं वाटेल' म्हणून गप्प बसण्यामुळे. पोराला आजपासून एक सवय लावा : दुखतंय, जमत नाहीये, हे वेळेवर बोलायचं. तुमच्या हातात असलेलं त्याच्या सुरक्षेचं सगळ्यात मोठं साधन हेच आहे, आणि पुढे मी जे काही सांगणार आहे ते फिरून इथेच येतं.

आता ट्रेनिंग. अग्निवीराचं ट्रेनिंग साधारण सहा-सात महिन्यांचं. त्यातले पहिले सहा-आठ आठवडे सगळ्यात कठीण. उजाडायच्या आत उठायचं, दाढी, बिस्तरा, बराकीची सफाई, फॉलिन म्हणजे रांगेत हजर होणं. मग पीटी, नाश्ता, ड्रिल, हत्याराचे पिरियड, वर्ग, संध्याकाळी खेळ, रोल कॉल, आणि दहाला दिवे बंद. मधल्या वेळात फटीग, म्हणजे सगळी अंगमेहनतीची कामं. पोरं पहिल्या महिन्यात वाळतात, काळवंडतात, पायाला फोड येतात. कसम परेडला, म्हणजे ट्रेनिंग संपताना होणाऱ्या शपथेच्या परेडला, आई-वडील येतात तेव्हा बऱ्याच आया आपलं पोर पटकन ओळखत नाहीत. पण तोवर त्याचा खांदा भरलेला असतो.

जेवणाची काळजी सोडा. लंगरमध्ये, म्हणजे जवानांच्या भोजनगृहात, डाळ, भात, चपात्या, भाजी, दूध, अंडी पोटभर मिळतं. तुमच्या हातची चव मिळणार नाही, भूक मात्र अशी लागते की चवीचं कुणाला सुचत नाही. 'माझा भाजी बघून नाक मुरडतो' म्हणणाऱ्या आयांची पोरं महिन्याभरात दुसऱ्यांदा ताट घेऊन रांगेत उभी असलेली मी पाहिली आहेत.

मारहाणीबद्दल. चूक झाली की रगडा मिळतो : फ्रंट रोल, क्रॉलिंग, पिट्ठू (सामानाची पिशवी) पाठीवर घेऊन ग्राउंडला चक्कर. एकाची चूक आणि शिक्षा अख्ख्या सेक्शनला, म्हणजे त्याच्या छोट्या तुकडीला, असंही होतं. त्याने पोरं चिडतात, रडतात, आणि एकमेकांना सांभाळायलाही शिकतात. हात उचलणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे. आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम ४७ नुसार हाताखालच्या माणसाला मारणं किंवा छळणं हा गुन्हा आहे, करणारा उस्ताद (शिकवणारा) असो नाही तर अधिकारी. असं कधीच घडत नाही असा दावा मी करणार नाही. जिथे शेकडो तरुण आणि त्यांच्यावर हुकूम चालवणारी माणसं असतात तिथे एखादा हात सुटणारा निघतो. पण त्याला दाद मागायची वाट आहे. आधी प्लाटून हवालदार, मग प्लाटूनचे साहेब, मग कंपनी कमांडर. शिवाय सैनिक संमेलनात जवान कमांडिंग अधिकाऱ्यासमोर उभा राहून बोलू शकतो, आणि धर्मगुरू असतात, ज्यांच्याशी मनातलं बोलताना फार विचार करावा लागत नाही. पोराला ही माणसं कोण आणि कशासाठी ते निघायच्या आधी माहीत असू द्या.

माझा खरा मुद्दा आता येतो.

ट्रेनिंगमध्ये मोडणारी पोरं दुबळी नसतात. घरी खरं सांगता येत नाही, ती पोरं मोडतात. तुमच्या गावात फ्लेक्स लागलाय, पोराच्या फोटोखाली गावातल्या सगळ्या मंडळांची नावं आहेत, शाळेत सत्कार झालाय. आता तो तिसऱ्या आठवड्यात रात्री रडला, तर कुणाला सांगेल? वडिलांना सांगितलं तर त्यांची मान खाली जाईल असं त्याला वाटतं. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही जेवण सोडाल. मित्रांना सांगितलं तर गावभर होईल. मग तो फोनवर म्हणतो, 'एकदम मस्त आहे, काळजी करू नको.' आणि नडगी दुखत असताना धावतो. हाडाला बारीक चीर गेलेली असते, तीन आठवडे विश्रांतीत भरून आली असती. तो लपवतो आणि मग पूर्ण मोडते. उन्हात चक्कर येते, पाणी प्यायला थांबत नाही, मागे राहायची लाज वाटते. उष्माघाताने धडधाकट पोरं हॉस्पिटलात गेलेली आहेत. या दोन्ही गोष्टींमागे शरीराचा दोष कमी आणि 'आता मागे फिरायला तोंड नाही' ही भावना जास्त असते.

दुखापत झाली म्हणून लगेच कुणी घरी पाठवत नाही. उपचार होतात, विश्रांती मिळते, फार दिवस गेले तर रेलिगेट करतात, म्हणजे मागच्या तुकडीबरोबर पुढचं ट्रेनिंग. पोरांना रेलिगेट होणं म्हणजे आकाश कोसळल्यासारखं वाटतं, कारण गावात सांगायचं काय. ताई, त्याला निघण्याआधी तुम्ही आणि दाजी दोघांनी समोर बसवून सांगा : मागच्या तुकडीत गेलास तरी चालेल, डॉक्टरांनी अनफिट केलं तरी चालेल, घराचं दार उघडं आहे आणि आम्ही गावाला तोंड द्यायला समर्थ आहोत. हे दाजींच्या तोंडून ऐकणं त्याला जास्त गरजेचं आहे. आईची माया पोरगा गृहीत धरतो, बापाची परवानगी तो शोधत असतो.

आणि फ्लेक्स उतरवा. कार्यक्रम झाला, आनंद झाला, आता तो चौकात लटकत राहायची गरज नाही.

आपल्या साताऱ्यातलंच अपशिंगे गाव तुम्हाला माहीत असेल, अपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. पिढ्यान्‌पिढ्या घराघरातून माणूस फौजेत जातो. तिथल्या बायकांना भीती वाटत नाही असं समजू नका. फरक इतकाच की त्या घरांत भीतीवर बोलायला माणूस असतो. सासऱ्याने पलटणीत दिवस काढलेले असतात, दीर सुट्टीवर आलेला असतो, 'फोन आला नाही तर घाबरू नको, डोंगरावर रेंज नसते' हे सांगणारं कुणीतरी असतं. तुमच्या घरात तुमचा पोरगा पहिला. म्हणून जवळपासच्या एखाद्या माजी सैनिकाच्या घरी जाऊन त्याच्या बायकोशी बोला. त्याच्याशी नाही, तिच्याशी. साताऱ्यातल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा पत्ताही माहीत करून ठेवा, पुढे कागदपत्रांच्या कामाला लागेल.

फोनबद्दल आधीच सांगून ठेवतो. सुरुवातीचे दिवस मोबाइल जमा असतो, नंतर ठरलेल्या वेळी मिळतो, बहुतेक रविवारी आणि थोडाच वेळ. त्या दहा मिनिटांत रडू आलं तर रडा, त्यात काही वाईट नाही. पण 'नको बाबा, ये परत' असं म्हणू नका, कारण ते ऐकून त्याचा आठवडा जातो. त्याला नेमकं विचारा : पायाला फोड आहेत का, झोप किती होते, शेजारच्या खाटेवर कोण आहे, कुठला आहे. 'कसा आहेस' याला 'बरा आहे' एवढंच उत्तर येतं. शेजारच्या खाटेवरच्या पोराचं नाव तो आनंदाने सांगायला लागला की समजा, रुळला. उलट तीन-चार फोन तो एका शब्दात उत्तरं देत असेल, झोप नाही म्हणत असेल, 'माझ्याने काहीच होत नाही' असं वारंवार येत असेल, तर वाट बघू नका. कंपनीचा नंबर हजर होताना मिळतो तो घरात लिहून ठेवा आणि सरळ फोन करून सांगा. आईचा असा फोन आला तर आम्ही त्या पोराला त्याच संध्याकाळी बाजूला घेऊन बसायचो. कुणी त्याची टर उडवत नाही.

घरात काही वाईट घडलं, आजारपण आलं, तर त्याच्यापासून लपवू नका. गावातल्या मित्राकडून त्याला उडत उडत कळतं आणि मग त्याचा घरच्यांवरचा विश्वास उडतो. गंभीर असेल तर आधी कंपनीला कळवा, ते त्याला समोर बसवून सांगतात आणि रजेचं बघतात.

चार वर्षांचं आणि पैशाचं थोडक्यात सांगतो. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, मग ३३,०००, ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,०००. यातले ३० टक्के सेवानिधीत, म्हणजे चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या निधीत जातात, म्हणजे पहिल्या वर्षी हातात २१,००० येतात. जितके त्याचे कापले जातात तितकेच सरकार घालतं, आणि चार वर्षांनी व्याजासकट साधारण ११.७१ लाख रुपये मिळतात, त्यावर आयकर नाही. फील्डला असताना भत्ते वेगळे. वर्षाला ३० दिवस रजा. चार वर्षं लग्न करता येत नाही. चार वर्षांनी प्रत्येक तुकडीतले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतात, बाकीचे घरी येतात, आणि त्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचं कॅन्टीन आणि दवाखाना नाही. हे नीट समजून घ्या, कारण गावात अजून पुष्कळांना वाटतं की फौजेत गेला म्हणजे जन्माची भाकरी झाली. ते दिवस या भरतीत नाहीत. योजना जून २०२२ मध्ये आली, पहिली पोरं २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला ट्रेनिंगला गेली. निमलष्करी दलांत आणि आसाम रायफल्समध्ये अग्निवीरांसाठी राखीव जागा जाहीर आहेत, पण त्यावर सगळा भरवसा ठेवू नका. तुमचा मुलगा बारावी झालाय. ट्रेनिंग संपवून पलटणीत गेला की इग्नू किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवीला नाव घालायला लावा. बाविसाव्या वर्षी हातात पदवी, अकरा-बारा लाख रुपये आणि फौजेची शिस्त असलेला पोरगा रिकामा बसत नाही. त्या पैशांवर मात्र आत्तापासून ट्रॅक्टर, घराचा स्लॅब, बहिणीचं लग्न असलं काही मांडून ठेवू नका. ते पैसे त्याच्या दुसऱ्या सुरुवातीचे आहेत.

वाईट वेळ आली तर काय, हेही आईला माहीत असलं पाहिजे. प्रत्येक अग्निवीराचा ४८ लाखांचा विमा असतो, त्याचा हप्ता भरावा लागत नाही. कर्तव्यावर मृत्यू आला तर ४४ लाख सानुग्रह, उरलेल्या सेवेचा पगार आणि सेवानिधी घरच्यांना मिळतो. कायमचं अपंगत्व आलं तर प्रमाणानुसार ४४, २५ किंवा १५ लाख. नियमित जवानाच्या घरी मात्र पुढे पेन्शन चालू राहते, अग्निवीराच्या घरी ती नाही. सीमेवर दोघे शेजारी उभे असतात आणि मागे राहिलेल्या घरांना वेगळा न्याय, हे मला मान्य नाही. मुंबईच्या ज्या अग्निवीराचा वर उल्लेख केला, त्याच्या आईने हाच प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात नेला आहे. तिला न्याय मिळावा असं मला मनापासून वाटतं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. अडवायचं का?

आधी एक काम करा. घरात कुणी नसताना, किंवा शेताकडे जाताना, त्याला विचारा की तू का चाललास. आणि मग गप्प बसा, मध्ये बोलू नका. भरतीसाठी तो दोन-दोन वर्षं पहाटे उठून धावला असेल, १६०० मीटर साडेपाच मिनिटांत काढायला जीव तोडला असेल, दहा बीम (पुल-अप) मारायला शिकला असेल. ज्याला नको असतं तो सहसा एवढं करत नाही. तरीही काही पोरं बापाच्या इच्छेखातर करतात, काही घरच्या कर्जाखातर. 'मला पलटणीत जायचंय', 'मला ते आवडतं', 'माझा मित्र गेलाय, त्याचं बघून वाटलं' असं काही आलं तर तो त्याचा निर्णय आहे. 'पप्पांना वाटतं', 'दुसरं काय करणार', 'आता सगळ्यांना कळलंय' एवढंच आलं, तर दाजींना घेऊन बसा आणि हजर व्हायच्या तारखेआधी तिघं मिळून ठरवा. न जाण्याचा निर्णय घ्यायचा तर तो आत्ताच, घरी बसून घेता येतो. एकदा भरती झाली की चार वर्षांच्या आत स्वतःहून सुटका मागता येत नाही, अगदी अपवादात्मक परिस्थितीत आणि वरची मंजुरी असेल तरच.

आणखी एक विचारा : भरतीच्या तयारीत अकॅडमीत कुणी इंजेक्शनं, गोळ्या दिल्या का? धावण्याआधी दुखणं मारायच्या गोळ्या घ्यायची सवय लागली आहे का? काही ठिकाणी हे चालतं आणि पोरांची शरीरं बिघडतात. लहानपणी फिट आली असेल, दमा असेल, छातीचं काही निघालं असेल तर लपवून पाठवू नका. साडेदहा हजार फुटांवर ते लपत नाही.

आणि त्याचं उत्तर मनापासूनचं असेल, तर ताई, अडवू नका. तुम्ही अडवलंत तर तो थांबेलही. आईच्या डोळ्यांतलं पाणी बघून थांबलेली पोरं मला माहीत आहेत. पण मग प्रत्येक भरतीच्या दिवशी तो चौकात उभा राहून बाकीच्यांना जाताना बघेल, आणि त्या घरात तुम्हा दोघांना मोकळं बोलता येणार नाही.

निघण्याआधी करायची कामं सांगून थांबतो. बँकेचं खातं, आधार, दाखले यांवर नाव आणि जन्मतारीख तंतोतंत एकच आहे ना, ते तपासा. तिथे अडकणारी प्रकरणं याच चुकीने अडकतात. तो तिथे नॉमिनीचं नाव लिहून देईल, ते कुणाचं हे घरात आत्ताच बोलून ठेवा. 'सेंटरमधून बोलतोय, तुमच्या मुलाचं काम करून देतो, पैसे पाठवा' असा कुणाचाही फोन आला तर एक रुपया देऊ नका. पलटणीत गेल्यावर तो कुठे आहे, कुठली युनिट, हे फोटोसकट व्हॉट्सॲपच्या स्टेटसला टाकू नका, नातेवाइकांनाही बजावून ठेवा. आणि कसम परेडचं बोलावणं येईल तेव्हा दोघंही जा, आदल्या दिवशीच बेळगावात मुक्कामाला पोहोचा. परेड सकाळी लवकर असते आणि बाहेरगावहून रात्रीच्या गाडीने येणाऱ्यांची बऱ्याचदा चुकते.